घाटाखालची रेघ, घाटावरचा फड
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



वैशाखरे हे गाव नकाशावर लहान असले तरी त्याची जागा मोक्याची आहे. मुरबाड मागे टाकून माळशेजकडे निघालेला प्रवासी येथे पोहोचतो तेव्हा सह्याद्रीची भिंत त्याच्या समोर उभी राहते, आणि याच भिंतीच्या खिंडीतून नाणेघाटाची प्राचीन वाट वर चढते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरी उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरच्या पेठेकडे जात असे. राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण यांना दोन हजार वर्षे झाली, तरी ते जागच्या जागी आहेत. घाटाखालचा मुलूख आणि घाटावरचा मुलूख असे दोन जगांचे सांधे जेथे जुळतात, तेथे हा परिसर वसला आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे प्रतिकूल परिस्थितीत कलावंत कसा टिकतो. या विषयावर बोलताना बहुधा परदेशातील कलावंतांचे दाखले दिले जातात. व्हॅन गॉगचे दारिद्र्य, बीथोवनचे बहिरेपण हे दाखले खरे आहेत आणि थोरही आहेत. परंतु वैशाखऱ्याच्या वेशीवर उभे राहून दोन्ही दिशांना पाहिले तर इतके लांब जाण्याचे कारण उरत नाही. घाटाखाली, पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जिव्या सोमा म्हसे झाले. घाट चढून जुन्नर तालुक्यात गेले की नारायणगाव लागते. तेथे विठाबाई झाल्या. एकाचा जन्म १९३४ चा, दुसरीचा १९३५ चा. दोघांनाही राष्ट्राने गौरविले. दोघांच्या वाट्याला आलेले आयुष्य मात्र फार वेगळे होते, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा. त्या काळच्या तलासरी-डहाणूची स्थिती आजच्या तरुण पिढीला सांगूनही खरी वाटणार नाही. जमीन जमीनदाराची, जंगल सरकारचे आणि ठेकेदाराचे, आणि वारली माणूस वेठीचा. लग्नासाठी घेतलेल्या किरकोळ कर्जापायी माणूस, त्याची बायको आणि पुढे मुलेही धन्याच्या घरी राबत. अशा माणसांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. शेतावरच्या कामाला रोजी बारा आणे मजुरी मिळावी ही त्यांची मागणी होती. बारा आणे! गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो काळ लिहून ठेवला आहे आणि त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. व्यापारी समाजाने तो ग्रंथ विशेष करून वाचावा. वारल्यांना नागविणाऱ्यांत जमीनदार होते तसे सावकार आणि व्यापारीही होते, हे त्यात झाकून ठेवलेले नाही. आणि आपल्या वडिलार्जित वह्यांच्या पानांकडे पाहण्याची नजर त्याने थोडी बदलते.

अशा मुलखात जिव्या वाढले. अगदी बालवयात आईचे छत्र हरपले आणि त्या आघाताने मुलगा बोलेनासा झाला. काही सांगायचे असेल तर तो जमिनीवर, धुळीत, काडीने रेघा ओढून सांगे. वयाच्या अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्यावर आला. पुढे मोलमजुरी, शेतीची कामे, जंगलाच्या आश्रयाने जगणे. शाळा नाही, गुरू नाही, कागद नाही. रंग म्हणाल तर तांदळाचे पीठ, आणि कुंचला म्हणाल तर दातांनी चावून मऊ केलेली बांबूची काडी.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वारली चित्र काढणे हे पुरुषाचे काम नव्हते. लग्नघरी कुडाच्या भिंतीला शेण आणि गेरू यांचा हात देऊन तिच्यावर सुवासिनी चौक लिहीत. वारल्यांमध्ये चौक ‘काढतात’ असे म्हणत नाहीत, ‘लिहितात’ असे म्हणतात, आणि हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. चौकाच्या मधोमध पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी गाऊन देवतेला बोलावते आणि चौक पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नाही. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच भांडवलावर ही सारी सृष्टी उभी राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड झाले. त्या सांध्यावर जो तोल साधला जातो त्यामुळे ती माणसे नाचताना, कांडताना, ओझे वाहताना खरोखर हललेली दिसतात. आणि लग्न झाले, वर्ष लोटले, भिंत पुन्हा सारवली, की सगळे पुसून गेले. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव कोणी नोंदवले नाही. शेकडो वर्षे ही कला जिवंत ठेवणाऱ्या त्या धवलेरी आणि सुवासिनी यांचे ऋण जिव्या सोमांच्या गौरवात विसरले जाते, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

जिव्या हे चित्र बायकांचे पाहून पाहून शिकले. लग्न नसताना, सण नसताना, रोज लिहू लागले. पुरुषाने चौकाच्या रेघांना हात घालावा आणि तोही विधीवाचून, हे तेथील रीतीत बसणारे नव्हते. पण ज्याचे बोलणेच रेघांतून झाले होते त्याला ती रीत किती अडवणार?

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर येऊ लागले. हे नाव महाराष्ट्रात जितके माहीत असायला हवे तितके नाही. बिहारमध्ये १९६६-६७ साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हा केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाच्या सूत्रधार पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेत पाठविले होते. भिंतींवर कोहबर रेखाटणाऱ्या स्त्रियांच्या हाती कागद द्यायचा, ती चित्रे विकत घ्यायची आणि उपाशी घरांत चूल पेटवायची, असे ते काम होते. आज मधुबनी चित्रांना जगभर जो मान आहे त्याचा आरंभ असा दुष्काळी कामातून झाला. तोच प्रयोग कुलकर्णींनी वारल्यांमध्ये केला. त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिले. आणि शोध घेता घेता त्यांना जिव्या सोमा सापडले.

भिंतीवरचे चित्र कागदावर आले, ही वरकरणी क्षुल्लक गोष्ट आहे. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर यात मूळचाच फरक पडतो. जी वस्तू उचलून नेता येत नाही, ठेवता येत नाही, तिला बाजारात किंमत नसते. कागदाने त्या रेघेला किंमत दिली. परंतु किंमत आली म्हणजे कलावंत आपोआप मोठा होतो असेही नाही. त्या काळी कागद तर अनेकांना मिळाले. जिव्यांनी त्या कागदावर काय केले ते पाहावे. चौकाची ठरलेली आकृती बाजूला ठेवून त्यांनी पाड्याचे अवघे जगणे त्यावर आणले. तारप्याभोवती सापासारखी वळत जाणारी नाचाची रांग, भाताची मळणी, धान्यदेवता कणसरीची कथा, वारुळातून निघणाऱ्या मुंग्या. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे तर प्रसिद्धच आहेत. जाळ्याचा एक एक फासा हाताने रेखाटलेला असतो. पाहणारा हजारो फाशांवरून नजर फिरवून दमतो, पण लिहिणारा दमलेला कोठे दिसत नाही. वस्त्रव्यवसायातील मंडळींना ताणा-बाणा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मागावर दोरा तुटला तर विणकर थांबतो, गाठ मारतो आणि पुढे जातो. जिव्यांच्या जाळ्यात तीच चिकाटी आहे, फक्त माग नाही.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे परदेशांतून बोलावणी आली. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या विख्यात इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांचे प्रदर्शन भरले. हा लाँग मैलोन्‌मैल चालतो आणि वाटेतल्या दगडांची रेघ मांडतो, तीच त्याची कला. एक रेघ इंग्लंडच्या माळावरची, दुसरी डहाणूच्या धुळीतली; संग्रहालयाने दोघांना समान मानाने मांडले. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री. एवढे सारे झाले तरी ते राहिले पाड्यावरच, शेतीशी नाते ठेवून. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रे लिहितात.

आता या यशोगाथेतील एक कडवट पान. राष्ट्रीय सन्मानाच्या काळात त्यांना सरकारकडून थोड्या शेतजमिनीचे आश्वासन मिळाले होते. ती जमीन प्रत्यक्ष हाती यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. ज्याची चित्रे युरोपच्या राजधान्यांत पाहिली जात होती तो माणूस आपल्याच जिल्ह्यातील कचेऱ्यांत एका कागदासाठी वर्षानुवर्षे वाट पाहत होता. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांना तहसील कचेरीचा अनुभव असल्यामुळे याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट कापड व्यवसायाशी निगडित आहे, म्हणून येथे अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. आज कोणत्याही पेठेत ‘वारली प्रिंट’ मागितली तर चादर, पडदा, साडी, कुर्ता, पिशवी, जे हवे ते मिळते. कारखान्यात छापा तयार होतो, हजारो मीटर कापड निघते, गिऱ्हाईक आवडीने नेते. त्यातला एक पैसाही ज्यांच्या आजीने ती माणसे पहिल्यांदा भिंतीवर लिहिली त्यांच्या घरी बहुधा जात नाही. दुकानदाराला यात काही गैर करतो आहोत असे वाटतही नाही, कारण नक्षी ही वाऱ्यासारखी सर्वांची, अशीच आपली समजूत. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. जव्हारच्या एका आदिवासी युवक संघटनेने त्यासाठी खटपट केली होती. पैठणी किंवा नागपूरची संत्री यांना जे संरक्षण, तेच या कलेला कागदोपत्री मिळाले. पण कायदा दारात उभा राहून प्रत्येक ठाणाची तपासणी करीत नाही. छापील चादर आणि हाताने लिहिलेले कापड यांतील फरक गिऱ्हाइकाला सांगणे, आणि हातच्या कामाला हातच्या कामाची किंमत मोजणे, एवढे तरी गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हाती आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरकुशीत वारली आहेत, ठाकर, कातकरी, महादेव कोळी आहेत. त्यांच्या घरांतील भिंतींवर काय काय लिहिले गेले आणि पुसले गेले याची चौकशी करायला फार दूर जावे लागणार नाही.

लोककलावंताला एकदा मान मिळाला की त्याचे सारे सुरळीत होते, असा भाबडा समज सभा-समारंभांतून पसरतो. मध्य प्रदेशचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचे उदाहरण विसरता येत नाही. भोपाळच्या भारत भवनापासून पॅरिसपर्यंत गाजलेला हा कलावंत २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून हजारो कोस दूर, स्वतःच्या हाताने जीवन संपवून गेला. मिथिलेच्या गंगादेवी यांना पतीने टाकले. पुढे पद्मश्री मिळाली आणि कर्करोगही झाला. रुग्णालयातील ते दिवससुद्धा त्यांनी चित्रांत उतरविले आणि १९९१ साली त्या गेल्या. एकाच प्रकारच्या मातीतून वर आलेले हे तीन कलावंत.

आता घाट चढू या.

नारायणगावला ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात. घाटाखालच्या लोकांनाही त्याची ओळख नवी नाही. मुरबाड तालुक्यातील म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते; खांबलिंगेश्वराचे दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने आणि रात्री तमाशाचे तंबू, हे चित्र जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. सभ्य घरांतून मुलांना त्या तंबूंकडे फिरकू देत नसत हेही खरे. त्या तंबूत नाचणारी स्त्री कोण असते, कशी जगते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

विठाबाईंचे घराणे फडाचे. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड महाराष्ट्रभर नावाजलेला. जात मांगाची, धंदा तमाशाचा आणि जन्म स्त्रीचा. त्या काळच्या समाजाने मान देण्याचे नाकारावे याला तिन्ही कारणे पुरेशी होती. लहानपणीच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. लावणी, गवळण, वगातील भूमिका, सारे त्यांनी पाहत-ऐकत आत्मसात केले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर काही काळ बंदीही घातली होती. अशा दिवसांत या मुलीचे वय वाढत होते. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने फड उभा केला आणि विठा भाऊ मांग नारायणगावकर हे नाव वाचताच गावोगावच्या बैलगाड्या तंबूकडे वळू लागल्या. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला.

त्यांच्याविषयीची एक हकिगत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरले असतानाही त्या खेळात उभ्या होत्या. नाच चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, तेथेच प्रसूत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली, आणि लुगडे सावरून पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात ती गोष्ट आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि खेळ थांबविला. ही कथा सांगताना वक्ते बहुधा स्त्रीच्या धैर्याचे गोडवे गातात. धैर्य होतेच. पण त्या रात्री खेळ बंद ठेवणे विठाबाईंना का शक्य नव्हते, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो असा. फडात पुष्कळ माणसे: नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला उचल द्यावी लागते, आणि त्या उचलीसाठी फडमालक व्याजाने पैसा काढतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत जे मिळेल त्यातून कर्ज, व्याज, गाड्या, पगार भागवायचे. पावसाळ्याचे महिने रिकामे. एक खेळ बुडाला, वादळाने तंबू फाटला, गावात दंगा झाला, की वर्षाचे गणित कोलमडते. कोणत्याही व्यापाऱ्याला हे गणित ऐकून घाम फुटेल. अंगावर चार-सहा महिन्यांचे कर्ज घेऊन, रोज नव्या गावी दुकान मांडून, माल म्हणून स्वतःचे शरीर आणि गळा घेऊन उभे राहण्याचा हा धंदा आहे. त्यातून घुंगरांचा आवाज थांबला नाही, त्याला कलेचे प्रेम कारण होते आणि पाठीमागची पन्नास-साठ पोटेही.

वृद्धापकाळी त्यांच्या हाती काही उरले नाही. उपचारांचा खर्च भागवायला लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. राष्ट्रपतींच्या हातचे दोन सन्मान त्यांच्या नावावर होते. पुढे २००६ पासून राज्य शासनाने तमाशातील ज्येष्ठ कलावंतांना विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देण्यास सुरुवात केली. पुरस्कार योग्यच आहे. जिवंत विठाबाईंच्या अंथरुणापाशी तेव्हा किती जण गेले होते, हे मात्र नारायणगावकरच सांगू शकतील.

जिव्या सोमांची कला त्यांच्या हातून सुटून कागदावर उरली. विठाबाईंची त्यांच्या श्वासाबरोबर संपली. चित्र विकता येते, पुन्हा पाहता येते, वारसांना देता येते. नाच आणि आवाज हे त्या रात्रीचेच असतात, आणि म्हणून फडाच्या कलावंताला साठवण करता येत नाही. दोघांच्या उत्तरायुष्यातील अंतराचे हे एक कारण असावे. दुसरे कारण भास्कर कुलकर्णींसारखा मनुष्य. कागद घेऊन पाड्यावर येणारा, दाम मोजणारा, आणि स्वतः बाजूला होणारा असा कोणी विठाबाईंना लाभला नाही. त्यांना लाभले ते प्रेक्षक, आणि ते शिट्ट्या वाजवून पहाटे घरी जात.

तरीही फड मोडला नाही. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभारून तो गावोगाव नेला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ऐन चैत्रातील जत्रा बंद झाल्या, आणि पुढच्या वर्षीही तेच झाले. दोन हंगाम तंबू गुंडाळलेले राहिले, गाड्या जागेवर गंजल्या. कित्येक कलावंतांनी शेतमजुरी केली, कोणी भाजी विकली. २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले. नारायणगावात रस्त्याकडेच्या राहुट्या पुन्हा उभ्या राहिल्या, दारात फडांच्या नावांचे फलक लागले, आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गावोगावचे कारभारी पुन्हा येऊ लागले.